परीघ राज्याचा, मध्य देवीचा

लातूरच्या गंजगोलाईला दर्शनी बाजू नाही. सत्तेने बांधलेल्या इमारतींत ही गोष्ट फार दुर्मीळ. राजवाडा घ्या, कचेरी घ्या, हायकोर्ट घ्या. प्रत्येकाला तोंड असते. तोंडासमोर पटांगण, पटांगणापुढे पायऱ्या, पायऱ्यांवर कमानी. माणसाने कुठे थांबायचे, कुठून मान वर करायची, कुणाच्या परवानगीने आत जायचे, हे इमारतच बजावते. गोलाई तसे काही बजावत नाही. भुसार लाइनीतून या, सराफ लाइनीतून या, कापड लाइनीतून या. ती सगळ्यांना सारखीच सामोरी येते. पाठीवर पोते घेतलेला हमाल असो की लग्नाचे सोने घ्यायला निघालेले कुटुंब, दोघांनाही तिचे तेच रूप दिसते.

ही दुमजली वास्तू १९१७ साली बांधली गेली. आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा. लातूर तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या मुलखात, उस्मानाबाद जिल्ह्यात. गादीवर मीर उस्मान अली खान. सोळा रस्ते चहूबाजूंनी येऊन गोलाईला मिळतात. या सोळा रस्त्यांचा आणि त्या गोल इमारतीचा जो मध्य, तिथे देऊळ आहे: जगदंबेचे, लातूरकरांच्या अंबाबाईचे. राज्य मुसलमान राजाचे, आखणी मुसलमान नगररचनाकाराची, पेठ मारवाडी-लिंगायत व्यापाऱ्यांची आणि मध्यावर देवी.

वास्तू आणि सत्ता यांच्या नात्याबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या मांडणीत आहे. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत सत्तेने पुष्कळ बांधले. त्यातले जे लोकांचे झाले, तिथे सत्तेने परीघ बांधला आणि मध्य दुसऱ्या कुणाच्या हवाली केला. जिथे मध्यही स्वतःकडेच ठेवला, तिथे आज पडक्या भिंती आहेत. गोलाई हे पहिल्या प्रकाराचे सर्वांत रेखीव उदाहरण, म्हणून ती सावकाश पाहण्यासारखी आहे.

गोलाईभोवती एक फेरी मारली की आखणीतले शहाणपण कळू लागते. बैलगाडीच्या चाकात आरे जसे तुंब्यात बसतात, तसे हे रस्ते गोलात बसले आहेत. बाजाराचे ओझे कुठल्या एका आऱ्यावर पडत नाही. सरळ पेठेत हमरस्त्यावरच्या तोंडाच्या दुकानाला मान असतो आणि टोकाच्या दुकानाला माश्या माराव्या लागतात. इथे टोकच नाही. दोन रस्त्यांमधला जमिनीचा तुकडा गोलाकडे निमुळता होतो आणि बाहेरच्या बाजूला रुंदावतो. म्हणजे सगळ्यांत मोक्याची जागा, गोलाईवरचे तोंड, कुणाच्याही वाट्याला फार येऊ शकत नाही. ज्याला मोठे गोदाम हवे त्याने मागे सरकावे, तिथे रुंदी आहे. धनिकाला पुढे पसरू न देण्याचे काम इथे कायद्याने केले नाही, भूमितीने केले.

दुसरी गोष्ट नजरेची. कुठल्याही लाइनीत उभे राहा, रस्त्याच्या शेवटी गोलाई दिसते. खेड्यातून पहिल्यांदा बाजाराला आलेला माणूस इथे चुकत नाही. चुकलाच तर गोलाईवर परत येतो आणि पुढची लाइन धरतो. सोन्यापासून वहाणांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळे या रस्त्यांवर वाटून बसले आहे. प्रत्येक धंद्याला आपली वाट मिळाली आणि सगळ्या वाटांना एकच गाठ. हे सगळे सांभाळत गोल स्वतः मात्र बेताच्या उंचीचाच राहिला, दोन मजल्यांचा. त्याला मान खाली घालायला लावायचे नव्हते. माणसांना एकत्र आणायचे होते.

हे निव्वळ औदार्यातून झाले असे कुणी समजू नये. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. पाठोपाठ धान्य, कापूस, गळिताचा माल यांची उलाढाल वाढली. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत, आणि करोडगिरीला आखीव पेठ फार सोयीची. विखुरलेल्या बाजारात माल कुठून आला, कुठे गेला, कळत नाही. ठरलेल्या रस्त्यांनी एका गोलावर येणारा माल मोजता येतो. राज्याला महसूल हवा होता आणि महसुलासाठी व्यापाऱ्याचा विश्वास हवा होता. गोलाई या दोन गरजांतून उभी राहिली. तरीही गरज भागवण्याचे शंभर मार्ग असतात आणि त्यातला कुठला निवडला यावरून राज्याची रीत ओळखता येते.

युरोपात असाच एक आराखडा दोनशे वर्षे आधी आखला गेला. १७१५ साली जर्मनीत बाडेन-दुर्लाखचा राजा कार्ल विल्हेल्म याने कार्ल्सरूह हे नवे शहर वसवले. तिथे बत्तीस रस्ते एका बिंदूतून निघतात. तो बिंदू म्हणजे राजवाड्याचा मनोरा. शहरातून राजवाड्याकडे जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर तोंड वर केले की राजाचे घर दिसावे, आणि राजाने मनोऱ्यातून पाहिले की सगळे रस्ते नजरेत यावेत. शहराला नावही राजाचेच. भूमिती तीच, अर्थ उलटा. कार्ल्सरूहमध्ये रस्ते राजापासून निघतात; लातुरात ते देवीकडे येतात. गोलाई बांधली जात होती त्याच काळात इंग्रज नव्या दिल्लीची आखणी करत होते. तिथेही लांबलचक मुख्य रस्ता शेवटी रायसीनाच्या टेकडीवर व्हाइसरॉयच्या वाड्यापाशी जाऊन थांबतो. आखलेल्या रस्त्याच्या शेवटी कोण बसले आहे, हा वास्तुकलेतला सगळ्यांत राजकीय प्रश्न आहे. लातूरने त्याचे दिलेले उत्तर दिल्लीपेक्षा मोठे आहे असे मी मानतो.

आता याच्या उलट टोक पाहायला लातूरहून फार लांब जावे लागत नाही. औशाचा किल्ला जवळच आहे. किल्ला म्हटला की आपल्याला डोंगर आठवतो. हा किल्ला खोलगटात आहे. चहूबाजूंची जमीन उंच, मध्ये किल्ला. आतल्या उंच बुरजावरून लांबची फौज येताना दिसते, पण येणाऱ्या फौजेला किल्ल्याचा बराचसा भाग दिसत नाही. जवळजवळ चौरस तटाभोवती सुमारे १२० फूट रुंद खंदक आहे. युद्धशास्त्र म्हणून ही आखणी अव्वल दर्जाची. पठारावर डोंगर नाही तर जमिनीच्या खोलीचाच आडोसा करायचा, ही युक्ती सुचायला बुद्धी लागते. उभ्या चढाऐवजी आडवी रुंदी शत्रूला थोपवते, आणि खंदकाच्या कडेशी उभे राहिले की तट किती दूर वाटतो हे पाहताना त्या अज्ञात बांधणाऱ्यांना दाद द्यावीशी वाटते.

पण या वास्तूची भाषा ऐका. आत जो बसला आहे त्याला दिसायचे नाही, फक्त पाहायचे आहे. आखणीच्या मध्यावर सत्ता स्वतः बसली की तिला खंदक खणावा लागतो. औशावर बहमनींनंतर किती झेंडे आले आणि गेले, पण तटाच्या आतल्या जागेवर गावाचा हक्क कधी आला नाही. किल्ला पडला तेव्हा त्याच्यासोबत गावाचे काही पडले नाही, कारण गावाचे त्यात काही गुंतलेच नव्हते.

उदगीरचा भुईकोट याच घराण्यातला, तरी तो वेगळा बोलतो. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला याच परिसरात नमवले आणि त्या विजयाच्या जोरावर भाऊ उत्तरेत गेले. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपत झाले. इतिहासाच्या पुस्तकात उदगीरचे नाव या लढाईपुरते येते. उदगीरकरांच्या तोंडी मात्र किल्ल्याचे पहिले नाव लढाईचे नाही, उदागिर महाराजांचे आहे. त्यांची समाधी किल्ल्याच्या आत आहे, जमिनीच्या पातळीखाली खोल. वर दरबाराच्या जागा, महाल, बुरूज, फार्सी-अरबी शिलालेख. खाली एका साधूची समाधी. बहमनी काळापासून निजामापर्यंत कुणी ती उखडली नाही. आज महालांच्या भिंतींना टेकू द्यावे लागतात, समाधीला भाविकांची कमी नाही. या किल्ल्यातला जिवंत भाग कोणता, हे सांगायला पुरातत्त्वाचा जाणकार लागत नाही.

या विचाराचे सर्वांत तेजस्वी रूप नांदेडला आहे. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला ज्योतीत विलीन झाले. जिथे त्यांना अग्नी दिला, त्या जागेवर आजचे तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब उभे आहे. शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी एक. ही इमारत १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांनी बांधवली. पंजाबात लाहोरला बसलेला राजा, आणि बांधकाम शेकडो कोस दूर गोदावरीकाठी, निजामाच्या राज्यात. तेव्हा हैदराबादेत दिवाण होते चंदुलाल, स्वतः नानकपंथी. त्यांच्या काळात पंजाबातून शीख शिपायांची तुकडी निजामाच्या चाकरीत आली, ती लाहोरी फौज. पंजाबातून आलेल्यांचे वंशज इथेच राहिले. त्यांच्या घरांत दखनी बोलीचा आणि मराठीचा सूर मिसळला.

इमारतीची रचना आतून बाहेर वाचायची. सगळ्यांत आत अंगीठा साहिबची खोली, जिथे चिता रचली होती. तिथे गुरूंची शस्त्रे ठेवली आहेत: तलवारी, खंजीर, धनुष्ये, बाण, ढाल. या खोलीत जाण्याचा अधिकार मुख्य पुजाऱ्यांचा. परंपरेने ते ब्रह्मचारी असतात. त्या खोलीभोवती दर्शनाची जागा, जिथे श्री गुरू ग्रंथसाहिबांचा प्रकाश होतो. त्याभोवती संगमरवर, जडावकाम, वर सोन्याने मढवलेला मजला आणि सोनेरी घुमट. राजाचा पैसा जितका बाहेर, तितका दिसतो. जसजसे आत जावे तसतसा राजा मागे राहतो. सोन्यापाशी रणजितसिंह आहेत, अंगीठ्यापाशी फक्त गुरू.

आत पोचणारी गोष्ट राजाने दिलेलीही नाही. दररोज गोदावरीचे पाणी गागरीत भरून तख्ताकडे आणले जाते. ते आणणाऱ्या सेवकाला गागरिया सिंघ म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वीचा राजा, त्याने पाठवलेले कारागीर, त्याने ओतलेली दौलत, हे सगळे एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला खांद्यावर गागर घेऊन पायी येणारा एक माणूस. तख्ताचे पावित्र्य रोज त्या गागरीने नवे होते. ज्या वास्तूचे मर्म रोज हाताने घडवावे लागते, ती कधी जुनी होत नाही.

रणजितसिंहांची नाणी पाहिली की ही वास्तू अपघाताने अशी झाली नाही हे पटते. शीख राज्याचा खजिना त्यांच्या हातात होता, पण त्यांच्या नाण्यांवर स्वतःचे नाव नव्हते. ती नानकशाही म्हणून चालली. राज्याला ते सरकार खालसा म्हणत. मध्यावर आपण नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अर्थात त्यात राजकारणही होते. पंथाचा रक्षक म्हणवून घेणाऱ्या राजाला दूरदेशीचे तख्त उभारणे शोभत होते आणि फायद्याचेही होते. १८३९ साली ते वारले, दहा वर्षांत इंग्रजांनी पंजाब गिळला, लाहोरचा दरबार संपला. नांदेडची वास्तू उभी आहे.

कुणी म्हणेल, देवीला मध्यावर बसवणे हाही सत्तेचा धूर्तपणाच. हिंदू व्यापाऱ्याला खूष ठेवायचे आणि करोडगिरी वसूल करायची. मला हा आक्षेप खरा वाटतो आणि अपुराही वाटतो. निजामाच्या राज्याची दुसरी बाजू मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याच लातुरात वकिली करत होता. ज्या गावाच्या मध्यावर जगदंबेला जागा देणारी पेठ आखली गेली, त्याच गावातून तीसेक वर्षांनी एका माणसाने सबंध राज्याचा मध्य एकाच धर्माच्या नावाने बळकावायला निघावे, ही लातूरच्या इतिहासातली सगळ्यांत जाचणारी गोष्ट आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. मध्य बळकावणारी सत्ता पाच दिवसांत संपली.

गोलाईचे मोठेपण त्यानंतर दिसते. लातूर आधी हैदराबाद राज्यात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबईत, १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १६ ऑगस्ट १९८२ ला स्वतंत्र जिल्हा झाले. राज्यकर्ते बदलले की पुतळे हलतात, पाट्या बदलतात. निजामाचे नाव मिरवणाऱ्या उस्मानाबादचेही धाराशिव झाले. गोलाईतून मात्र काही उतरवावे लागले नाही, कारण तिच्या मध्यावर राजाचे काही नव्हतेच. तोच आराखडा, तेच सोळा रस्ते, तीच देवी लोकशाहीलाही जशीच्या तशी चालली. वास्तू धूर्तपणाने बांधली असो की भक्तीने, लोक तिचा निकाल ती काय करू देते यावर लावतात.

लोकशाहीतल्या सरकारनेही याच मुलखात बांधले, आणि तेही याच कसाला लावून पाहायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भूकंपाला टिकतील अशी घरे दिली, ती जमिनीच्या धारणेनुसार २५० पासून ७५० चौरस फुटांपर्यंत. एवढ्या तातडीने एवढे काम उभे करणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण नव्या गावांची आखणी पाहा: सरळ रांगा, रुंद रस्ते, काटकोनात कापलेले चौक. जुन्या गावात भावकीची गल्ली होती, मारुतीपुढचा पार होता, वेस होती. बसायला, भांडायला, समेट करायला ठरलेल्या जागा होत्या. नकाशावर सार्वजनिक जागा राखून ठेवली म्हणजे गावाचा मध्य तयार होत नाही. लोकांनी मग घरापुढे ओटे घातले, पत्रे टाकले, आडोसे केले आणि हळूहळू आपला मध्य स्वतः शोधला. राज्याची चूक हेतूत नव्हती. परीघ आखता आखता मध्यही आपणच आखावा असे त्याला वाटले, एवढेच.

नांदेडलाही २००८ साली गुरुतागद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीनिमित्त सरकारने खूप बांधले. रस्ते, पूल, घाट झाले, तख्ताभोवतीचा दाट परिसर मोकळा झाला. लाखो भाविकांची सोय झाली. तिथे परिघाचेच काम होते, म्हणून ते लोकांनी मानले. तख्ताचा कारभार १९५६ च्या कायद्याने चालतो. २०२४ मध्ये सरकारनियुक्त सदस्य वाढवणारा नवा कायदा आणायचे ठरले तेव्हा देशभरातल्या शिखांनी विरोध केला आणि सरकारला थांबावे लागले. रणजितसिंहांना जे कुणी सांगावे लागले नाही, ते नंतरच्यांना आंदोलनाने सांगावे लागते.

गोलाईचे आयुष्य आता शंभरी ओलांडून गेले आहे. गर्दी वाढली, वाहने वाढली, भुसाराचा मोठा व्यवहार मार्केट यार्डात गेला. पुढेमागे कुणीतरी तिचा नवा आराखडा करणारच. त्याने रस्ते दुरुस्त करावेत, गाड्या बाहेर लावाव्यात, भिंतींना चुना द्यावा, नाल्या उपसाव्यात, फेरीवाल्यांना हक्काची जागा द्यावी. हे सगळे राज्याचेच काम आहे आणि ते चांगले करावे. पण गोलावर कुठल्याही नेत्याची कमान उभारू नये, सोळा रस्त्यांपैकी एकालाही मुख्य रस्ता ठरवू नये आणि मध्यावरच्या देवीपुढे दुसरे कुणी उभे करू नये. एवढे पाळले तर लातूरकरांनी त्याच्या नावाची पाटी लावली नाही तरी चालेल. फैयाजुद्दीनच्या नावाचीही फारशी कुणी लावलेली नाही.